पाचातली एक बोट

भाऊच्या धक्क्यावर मोरा आणि रेवसच्या लाँचची गर्दी सुरू व्हायच्या आधीच पलीकडे, मासळीच्या धक्क्यावर, अर्धा बाजार उरकलेला असतो. दिव्यांच्या उजेडात ट्रॉलर एकाला एक खेटून ओळींनी लागलेले. बाहेरच्या बोटीचा माल धक्क्यावर आणायचा तर आतल्या बोटींच्या फळीवरूनच यावा लागतो, म्हणून खलाशांची साखळी लागते आणि क्रेट हातोहात पुढे सरकतात. खाली बर्फाचं पाणी, खवले, कोळंबीच्या तुटक्या मिशा. त्यातून ‘बाजू, बाजू’ करत हातगाड्या सुटलेल्या. लालबाग-परळकडच्या मासळीवाल्या दलालाभोवती कोंडाळं करून उभ्या असतात. बोली इतकी भराभर चढते की नवख्याला फक्त शेवटचा आकडा ऐकू येतो, आणि तो कुणाच्या नावावर गेला हे त्या बायकांशिवाय कुणालाच कळत नाही.

या कोंडाळ्याच्या मागे एक जण नोंदवही घेऊन उभा असतो. तो बोली लावत नाही. एका बोटीवरून किती क्रेट उतरले ते मोजतो, क्रेटमध्ये हात घालून मासळी वरखाली करून बघतो, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, गाठून चार प्रश्न विचारतो. मग मधल्या चार बोटी सोडून पाचवीकडे जातो. सोडलेल्या बोटींपैकी एखादीवर भलीमोठी सुरमई उतरत असते, तिच्याभोवती माणसं जमलेली असतात, तरी हा तिकडे ढुंकून बघत नाही. या लेखातला बराच मजकूर त्या सोडलेल्या चार बोटींबद्दल आहे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘मोजदाद’. संपादकांना अलास्कातल्या नदीकाठी तंबू ठोकून रानातले सॅमन मोजणाऱ्या मंडळींचं फार कौतुक. आपल्याकडे असं कोणी मोजतं का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मोजतात. तंबू नाही, अस्वलं नाहीत, चर्चगेटहून बस आहे. पण मोजणी मात्र अलास्कातल्यापेक्षा अवघड आहे.

सॅमनला दार असतं

आधी तिकडचं सांगून टाकतो, कारण त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय इकडची अडचण लक्षात येत नाही.

अलास्काच्या ब्रिस्टल बे भागात उन्हाळ्यात सॉकआय जातीचे सॅमन समुद्रातून नद्यांमध्ये शिरतात. ज्या पाण्यात जन्मले त्याच पाण्यात अंडी घालायला परत येतात. नदीच्या दोन्ही काठांना उंच मचाण उभारलेलं असतं. मोजणारा त्यावर चढतो आणि स्वच्छ पाण्यातून वर जाणारे मासे दर तासाला दहा मिनिटं मोजतो, मग पलीकडच्या काठावरून आणखी दहा मिनिटं. प्रत्येक काठाचा आकडा सहाने गुणला की त्या तासाचा हिशेब झाला. काही नद्यांवर काठापासून काठापर्यंत कुंपण घालतात आणि त्यात एकच फट ठेवतात. फटीतून गेलेला प्रत्येक मासा मोजला जातो. त्यातले थोडे पकडून लांबी घेतात, नर की मादी ते पाहतात, एक खवला काढून घेतात आणि मासा सोडून देतात. खवल्यावर कडी असतात. थंडीत वाढ मंदावली की कडी दाट होतात, उन्हाळ्यात विरळ. त्यावरून वय कळतं. हे तळ आडरानात असतात, कित्येक ठिकाणी छोट्या विमानाशिवाय पोचता येत नाही, आणि कामाला बहुतेक एका हंगामापुरती आलेली तरुण मंडळी असतात.

२०२२ साली ब्रिस्टल बेमध्ये ७ कोटी ९० लाख सॉकआय परतले, हा तिथला विक्रम. त्याच राज्यातल्या युकॉन नदीत मात्र चिनूक जातीचे सॅमन इतके घटले की एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी त्यांची मासेमारी सात वर्षं थांबवायचं ठरवलं. सात वर्षं म्हणजे त्या माशाची एक पूर्ण पिढी. एवढा कडू निर्णय घ्यायचा तर हातात आकडा लागतो, आणि तो आकडा नदीकाठी बसलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं गोळा केलेला होता.

हे जमतं, कारण सॅमनला दार असतं. ठरलेला महिना, ठरलेली नदी, अरुंद वाट. मुंबईसमोरच्या दर्याला असं दार नाही. ट्रॉलरच्या एका जाळ्यात राणी मासा, ढोमा, वागटी, माकूल, कोळंबी, मांदेली, मुशी, पाखट सगळं एकत्र येतं. कुणाचा विणीचा काळ कधी, कुणाचा कधी. कुणी तळाशी राहतं, कुणी वरच्या पाण्यात. सगळी मासळी एका वाटेने जाते अशी जागा आपल्याकडे एकच आहे, ती म्हणजे धक्का. तिथे मासा मेलेला असतो, बर्फातला असतो आणि त्याच्यावर बोली चालू असते. मोजणी तिथेच करावी लागते.

चार बोटी सोडायच्या

हे काम करते केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था. स्थापना १९४७, तमिळनाडूत मंडपमला. पुढे मुख्यालय कोचीला गेलं. मुंबईचं केंद्र वर्सोव्याला आहे, पण त्यांची माणसं सापडतात ती ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर. ससून डॉक १८७५ चा, कापसाच्या व्यापारातून मोठ्या झालेल्या ससून घराण्याने बांधलेला. आज कापसाचं नावही तिथे राहिलेलं नाही.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा. २०१० च्या सागरी मच्छीमार गणनेत राज्यात ४५६ मच्छीमार गावं आणि मासळी उतरवायची १५२ केंद्रं नोंदली गेली. प्रत्येक केंद्रावर रोज, चोवीस तास माणूस उभा करणं कुठल्याच संस्थेला परवडणारं नाही. मग शितावरून भाताची परीक्षा करायची. फक्त भांड्यातला भात एकसारखा शिजलेला असतो आणि समुद्र तसा नसतो, म्हणून कुठलं शीत उचलायचं याचे नियम फार काटेकोर लागतात.

पहिला नियम दिवसाचा. कुठल्या तारखेला कुठल्या बंदरावर जायचं हे जाणाऱ्याच्या मर्जीवर नाही. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात, तारखा आणि केंद्रं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात आणि वेळापत्रक हातात येतं. त्या दिवशी पाऊस असो, गणपती असो की सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. लहान केंद्रावर पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा असं उभं राहायचं. मधल्या रात्री काय उतरलं ते सकाळी विचारून घ्यायचं. हे मिळून एका केंद्राचा एक दिवस होतो. ससून डॉक आणि भाऊचा धक्का यांच्यासारखी मोठी बंदरं मात्र प्रत्येकी स्वतंत्र विभाग धरली जातात आणि तिथे महिन्यातून पुष्कळ जास्त दिवस नोंद होते. राज्याच्या आकड्यात त्यांचा वाटाच तेवढा मोठा आहे.

दुसरा नियम बोटींचा. धक्क्याला पंधरापर्यंत बोटी लागल्या तर सगळ्यांची नोंद घ्यायची. सोळा ते एकोणीस असतील तर पहिल्या दहा घ्यायच्या आणि उरलेल्यांतल्या निम्म्या. वीस ते एकोणतीस असतील तर दोनातली एक, तीस ते एकोणचाळीस असतील तर तिनातली एक, चाळिशीत चारातली एक आणि पन्नाशीत पाचातली एक. भरलेल्या धक्क्यावर तो माणूस चार बोटी का सोडतो, याचं उत्तर हे.

यातली खरी मेख बोटी सोडण्यात आहे. माणसाचं मन साहजिक जिथे काहीतरी दिसतंय तिकडे ओढ घेतं. ज्या बोटीवर घोळ मासा निघाला, जिथे दलाल धावले, ती बोट लिहून घ्यावीशी वाटते. आणि ज्या बोटीवर बारीक मासळीचा चिखल आहे, जी उन्हात पडून फिशमीलच्या कारखान्याकडे जाणार आहे, तिथे हात घालावासा वाटत नाही. निवड माणसावर सोडली तर वर्षाअखेर आपला समुद्र कागदावर सुरमई आणि घोळांनी भरलेला दिसेल. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले. सगळ्या वाहिन्यांनी ती बातमी चालवली. मोजणीच्या दृष्टीने ती एक बोट होती, निवडीत आली तर आली. नियम आहे तो लॉटरी लागलेल्या त्या बोटीपासून आकडेवारीला वाचवायला.

निवडलेल्या बोटीचा माल जातवार लिहिला जातो, मग न मोजलेल्या बोटींच्या हिशेबाने तो वाढवायचा, मग न पाहिलेल्या दिवसांच्या हिशेबाने. वहीतला ढोम्याचा एक क्रेट राज्याच्या आकड्यात कितीतरी क्रेट होऊन बसतो. साहजिकच त्या एका क्रेटमध्ये चूक झाली तर तीही त्याच पटीत वाढते.

तांडेलाची साक्ष

क्रेट मोजणं सोपं. त्यातली मासळी कुठून आणि किती कष्टाने आली हे कळायला तांडेल लागतो.

प्रश्न ठरलेले असतात. किती दिवस बाहेर होता, जाळं किती वेळा टाकलं, एकेक ओढ किती तासांची, किती वावावर, कुठल्या गावासमोर. वाव हे खोलीचं माप धक्क्यावर अजून रोजच्या बोलण्यातलं आहे. मीटरमध्ये विचारलं तर तांडेल क्षणभर थांबतो आणि वावातच उत्तर देतो. दहा-बारा दिवसांची सफर करून आलेल्या माणसाला झोप हवी असते. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, डिझेल आणि बर्फाच्या हिशेबात, दलाल घाईत. अशा वेळी वही घेऊन आलेल्याला उत्तर द्यावं असं तांडेलाला का वाटावं?

वाटतं ते ओळखीमुळे. वर्षानुवर्षं त्याच धक्क्यावर येणारा माणूस असतो, चहा एकत्र झालेला असतो, ‘साहेब’ म्हणता म्हणता ‘भाऊ’ झालेला असतो. नवा माणूस आला की आकडे थोडे दिवस अवघडतात. मच्छीमाराला शंका असते ती रास्तच असते. डिझेलवरच्या कराचा परतावा, परवाना, जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, या सगळ्यांवर कुणी ना कुणी सरकारी माणूस नजर ठेवून असतो. मोजणाऱ्याकडे दंड करायचा अधिकार नाही, त्याची संस्था संशोधनाची आहे, कारवाई राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची. पण हा फरक रात्रभर जागलेल्या तांडेलाला दर वेळी नव्याने समजावावा लागतो. रात्री उतरलेल्या मालाचा तर सगळा हिशेब सांगोवांगीचा. तिथे दलालाची वही, बर्फवाल्याची आठवण, हातगाडीवाल्याने केलेल्या खेपा, सगळं ताडून पाहावं लागतं.

क्रेटचंही एक शास्त्र आहे. बहुदिवसीय सफरीत पहिल्या दिवसांची मासळी बर्फाच्या थरांत खाली, शेवटच्या दिवसांची वर. भावाची मासळी निराळी, नीट लावून ठेवलेली. हलकी मासळी, जागा असेल तरच, शेवटी भरलेली. म्हणून वरवरचे दोन क्रेट पाहून बोटीबद्दल बोलणं चुकीचं. प्रत्येक प्रकारचे एखाद-दोन क्रेट वजनावर चढवायचे, मिसळीच्या ढिगातून एक वाटा उचलून जातवार निवडायचा आणि मग बाकीच्यांचा अंदाज बांधायचा.

एक गोष्ट मात्र या वहीत येऊच शकत नाही. जी मासळी जाळ्यातून वर आली आणि खणात जागा नाही किंवा भाव नाही म्हणून तिथेच पाण्यात फेकली गेली, ती धक्क्यावर येत नाही. तांडेलाने मोकळेपणाने सांगितलं तर अंदाज येतो. धक्क्यावरच्या आकड्याला ‘समुद्रातली मासळी’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

फळीवरचा मासा

वजनाच्या पलीकडची मोजणी माशाच्या अंगावर होते. त्यासाठी काही मासे धक्क्यावरच मापतात, काही विकत घेऊन वर्सोव्याला नेतात. मोजणारेही इतरांसारखेच पैसे देऊन मासळी घेतात, हे मला आवडलं.

हत्यार साधं आहे. एका टोकाला आडवी पट्टी ठोकलेली फळी, तिच्यावर मिलिमीटरच्या रेघा. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं, अंग सरळ करायचं आणि शेपटीशी आकडा वाचायचा. शेपटीला खोल खाच असेल तर खाचेपर्यंतही लांबी घेतात, कारण टोकं झिजलेली असतात. कोळंबीचं माप वेगळं, माकलीचं वेगळं. बोंबील या कामात सगळ्यात हट्टी. अंगात पाणीच इतकं की तो फळीवर ठेवला की पसरतो, वाकतो, बोटाने सरळ करावा तर दुसरीकडून घसरतो. ताज्या बोंबलाच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. गिरगावातल्या स्वयंपाकघरात त्याला पाट्याखाली दाबून ठेवतात ते उगाच नाही.

मग पोट उघडायचं. बोंबील दिसायला मऊ, पण खायला बकासुर. पोटात जवळा सापडतो, बारीक मासे सापडतात आणि पुष्कळदा लहान बोंबीलही सापडतात. एस. व्ही. बापट यांनी १९७० मध्ये या एकाच माशावर शास्त्रीय पुस्तिका लिहिली. भारतातल्या बोंबलांपैकी फार मोठा हिस्सा गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच पकडला जातो, तेव्हा ती इथूनच लिहिली जाणं स्वाभाविक होतं.

सॅमनवरून आठवलं म्हणून एक गंमत. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीजवळ, बोंबलाला एक छोटा काटेविरहित मांसल पर असतो. तसाच सॅमनला असतो. एवढ्यावरून एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी शास्त्रज्ञांनी बोंबलाला सॅमनच्या कुळात टाकलं होतं. आपल्या बोंबलाची सोयरीक काही काळ तरी अशी थेट थंड नद्यांत जमली होती. पुढे ती मोडली. आणि हॉटेलच्या मेनूवर ज्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिरवतात त्या रावसाचा सॅमनशी काडीचा संबंध नाही.

रावसाची खरी मजा वेगळीच आहे. तो लहानपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे बाजारात ज्याच्या जाड तुकड्यांना भाव येतो तो मोठा रावस बहुधा मादी. मोठे निवडून काढत गेलं तर विणीला माद्या कमी पडतात. लहान धरत गेलं तर मोठा व्हायला कुणी उरत नाही. अशा माशाची लांबी मोजणं म्हणजे त्याचं लिंग मोजण्यासारखंच आहे, म्हणून त्याच्या पोटातली जननग्रंथी दर वेळी उघडून पाहावी लागते.

वयाचा प्रश्न तर आपल्याकडे फारच अवघड. घोळ, ढोमा या कुळातल्या माशांच्या डोक्यात कानाशी चांगला टपोरा पांढरा खडा असतो. थंड देशात या खड्यावर किंवा खवल्यावर वर्षाची कडी स्पष्ट उमटतात, कारण तिथला हिवाळा माशाची वाढ अडवतो. आपल्या पाण्याला तसा हिवाळा नाही. कडी पुसट येतात, कधी दुहेरी येतात, वाचणारे दोघे असले तर दोन वयं सांगतात. म्हणून आपल्याकडे दुसरी वाट धरली. दर महिन्याला एका जातीचे शेकडो मासे मापायचे आणि लांबीचे गट पाडायचे. या महिन्यात एका गटाचा उंचवटा एका लांबीवर दिसतो, पुढच्या महिन्यात तो थोडा पुढे सरकतो, त्यापुढे आणखी. एकेका माशाचं वय कळत नाही, पण लाटेसारखा पुढे सरकणारा तो उंचवटा अख्ख्या पिढीची वाढ सांगतो. त्यासाठी मापं मात्र सतत हवीत. एखादा महिना सुटला की धागा तुटतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ट्रॉलरची मासळीच येत नाही. वहीतले हे ६१ दिवस जवळपास कोरे, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकदम कोळंबीचा पूर.

चिठ्ठीने ठरलेला दर्या

धक्क्यावरच्या मोजणीत एक मूळचा कल आहे. मच्छीमार जातो तिथेच, जिथे मासा आहे. तो जात नाही त्या पाण्याबद्दल धक्का काही सांगत नाही. त्यासाठी वेगळं जहाज लागतं, ज्याला मासळी मिळाली नाही तरी चालतं.

असं काम भारतीय मत्स्य सर्वेक्षण करतं. १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या खोल समुद्रातील मासेमारी केंद्रातून ते वाढलं, मुख्यालय आजही मुंबईत आहे. त्यांची जहाजं ससून डॉकहून निघतात. नकाशावर समुद्राचे चौकोन पाडलेले, खोलीनुसार पट्टे, आणि कुठल्या चौकोनात जाळं टाकायचं ते आधीच निवडलेलं. तिथे मासा असो वा नसो, ठरल्या वेळापुरतं जाळं ओढायचं आणि आलं ते सगळं मोजायचं, जेलीफिशसुद्धा. रिकामं जाळं हीसुद्धा नोंद. ट्रॉलरवरच्या तांडेलाला हे सांगितलं तर तो हसतो. डिझेल जाळून, मासा नाही हे ठाऊक असलेल्या जागी जाळं टाकणं त्याच्या अकलेत बसत नाही.

हे काम तसं मुंबईला जुनंच. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेवरचा ट्रॉलर आणून किनाऱ्यासमोरचं पाणी चाचपलं होतं. तेव्हा धंदा म्हणून ते परवडलं नाही. आज त्याच पाण्यात ट्रॉलरला ट्रॉलर भिडतात.

दोन लाख एक हजार टन

या सगळ्या क्रेटांचं, वावांचं आणि लांब्यांचं शेवटी एका ओळीत रूपांतर होतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१७ मध्ये ३ लाख ८१ हजार टन मासळी उतरली. २०१८ मध्ये २ लाख ९५ हजार. २०१९ मध्ये २ लाख १ हजार, पंचेचाळीस वर्षांतला नीचांक. वर्तमानपत्रांनी ‘मासे संपले’ अशा अर्थाचे मथळे दिले. मी स्वतः त्या वेळी मथळ्याच्या पुढे गेलो नव्हतो, आणि बहुतेक वाचकही गेले नसावेत.

पण २०१९ चं वर्ष आठवून पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पावसाळ्यानंतरचा ऐन हंगाम, अरबी समुद्रात आधी ‘क्यार’ आणि लगोलग ‘महा’ अशी दोन वादळं आली. बोटी धक्क्याला बांधून राहिल्या. दिवाळी गेली, खलाशांचा पगार नाखव्याच्या अंगावर पडला, मासळी आली नाही. ती समुद्रात नव्हती म्हणून आली नाही, की आणायला कुणी गेलं नाही म्हणून? उतरलेल्या टनांचा आकडा एवढं सांगू शकत नाही. ते सांगते तांडेलाने सांगितलेली तासांची नोंद. जाळं जितके तास पाण्यात होतं त्या दर तासाला किती मासळी आली, हे पाहिलं तरच बोट कमी गेली की मासा कमी मिळाला हे वेगळं काढता येतं. झोपेला आलेल्या माणसाला ‘ओढ किती तासांची’ हे विचारण्याचं कारण हेच.

यातून ‘सगळं ठीक आहे’ असा अर्थ काढणाऱ्यांनाही जागा नाही. ट्रॉलर अधिक लांब जातात, अधिक दिवस राहतात, अधिक डिझेल जाळतात, हे धक्क्यावरचा कुणीही सांगेल. सफर लांबली की एकूण आकडा तग धरतो, दर तासाचा आकडा मात्र घसरतो. माझं मत असं की राज्याच्या मासळीबद्दल टनांचा आकडा छापणाऱ्याने त्याच ओळीत तासांचा आकडाही छापावा. दोन्ही एकाच वहीतून येतात.

१३५ मिलिमीटर

नोव्हेंबर २०२३ मध्ये फळीवरची मापं कायद्यात गेली. केरळ आणि कर्नाटकापाठोपाठ महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटासाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०, सुरमईसाठी ३७०. ही मापं सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने सुचवलेली. यामागे कुठल्या लांबीला माशाच्या पोटात पहिल्यांदा अंडी धरतात याचा अभ्यास आहे, म्हणजे पोट उघडून पाहिलेल्या हजारो माशांचा. पण ती निव्वळ विज्ञानाने ठरलेली नाहीत. सुरमई पहिल्यांदा विणीला येते ती ३७० मिलिमीटरहून कितीतरी मोठी झाल्यावर. तिथे कायद्याने मच्छीमाराशी तडजोड केली आहे. ती समजण्यासारखी आहे, पण तडजोड आहे हे लपवू नये.

त्याच वर्षी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. सातपाटीच्या मच्छीमारांचा आग्रह फार आधीपासूनचा, की पापलेटाची पिल्लं धरणं थांबवा. कोणाच्या जाळ्यात ती जास्त जातात यावर डोलवाले ट्रॉलरकडे बोट दाखवतात आणि ट्रॉलरवाले डोलीकडे. डोलीचं जाळं खुंटांना बांधलेलं असतं, भरती-ओहोटीच्या ओढीने जे आत येतं ते येतं. त्याला मासा निवडता येत नाही, आणि आस बारीक असला तर सोडताही येत नाही. पापलेट साडेतेरा सेंटिमीटरचं आहे हे कळेपर्यंत ते मेलेलं असतं. कायदा मात्र मत्स्यव्यवसाय विभागाने राबवायचा. या विभागाचा कारभार वर्षानुवर्षं चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या इमारतीतून चालला. १९५१ साली उघडलेल्या त्या मत्स्यालयात गिरगावातल्या कित्येक पिढ्यांनी जिवंत मासा पहिल्यांदा काचेआड पाहिला. धक्क्यावर एका पहाटे शेकडो क्रेट उतरतात. त्यातला प्रत्येक पापलेट फळीवर ठेवणारे हात खात्याकडे नाहीत. मोजणाऱ्याला पाचातली एक बोट चालते, कारण त्याला अंदाज हवा असतो. पोलिसाला पाचातली एक बोट चालत नाही, उरलेल्या चार बोटींना ते लगेच कळतं.

खिशात शाळकरी पट्टी घालून मी सिटीलाइटजवळच्या गोपी टँक मंडईत गेलो. दादर-माहीमकडची खवय्ये मंडळी इथे मासळीसाठी हटकून येतात. फळीवर मोठी पापलेटं पुढे मांडलेली, कल्ले उघडून दाखवायला सज्ज. मागे लहानांचा वाटा. त्यातलं सगळ्यात लहान उचलून पट्टी लावली, शेपटीच्या खाचेपर्यंत साडेतेराच्या जेमतेम पुढे. कायद्यात बसत होतं, मिलिमीटरच्या हिशेबाने.

मासळीवालीने माझ्या पट्टीकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं.

“काय मापताय दादा, शर्ट शिवायचाय का त्याला?”

मी कायद्याचं सांगितलं. तिला ठाऊक होतं. मोठ्या पापलेटाचा भाव तिने सांगितला, आणि ते घेणारी गिऱ्हाइकं सकाळपासून किती आली तेही. लहानांचा वाटा मी तिथे उभा असतानाच गेला, परळहून आलेल्या एका बाईंनी घेतला, घरात खाणारी पाच माणसं आणि प्रत्येकाच्या ताटात अख्खा मासा पडायला हवा म्हणून.